वहिनीच्या तव्यावरचा बिल्ला

उजेड बघायचा म्हणून लोकांच्या घरात भरदुपारी अंधार करत हिंडणारा माणूस तुम्ही बघितलाय? मी बघितलाय. आमच्या वहिनीचे मामा. मिरजेपासून पार साताऱ्यापर्यंत शोधलंत तरी असला दुसरा नमुना सापडायचा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण मामांसमोर छातीवर हात ठेवायचीही सोय नाही, लगेच म्हणणार, "हात काढ पोरी, फोटोत येतोय." कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. भांडी पडली, आई किंचाळली, सगळे अंगणात पळालो. पण खरं सांगते, तेव्हाही मी एवढी हादरले नव्हते जेवढं या एका माणसानं मला पुढं हादरवलं. आणि यांच्या हादऱ्यांचं काही वेळापत्रक नाही! भूकंप निदान एकदा होऊन थांबतो तरी.

मामा मूळचे रहिमतपूरकडचे. फौजेत आयुष्यभर जवानांचे एक्सरे काढले, आणि तिथून सुटल्यावर गावी जाऊन ऊस बघायचा सोडून मिरजेतल्या एका दवाखान्यात परत एक्सरेच काढायला लागले. मामी गावी ऊस बघायच्या, मामा आमच्या मागच्या खोलीत राहायचे आणि जेवायला आमच्याकडे. आता एवढी वर्षं माणसं आतून बघितल्यावर या माणसाला बाहेरून कोणी ओळखूच यायचं नाही. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर मामा कोरे. मग तो पुढं गेला की एकदम, "आरं, हा तर डाव्या बाजूची तिसरी बरगडी मोडल्याला!" मला पहिलं स्थळ आलं तेव्हा घरात मुलाचं शिक्षण, शेती, स्वभाव अशी चर्चा चाललेली. मामा भाकरी मोडता मोडता शांतपणे म्हणाले, "पोरगं बेस हाय. दोन्ही फुप्फुसं आरशावानी स्वच्छ." मला ठसकाच लागला! मुलगा म्हणे दोन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी येऊन गेला होता. ते स्थळ पुढं बारगळलं, पण अजून तो माणूस बाजारात दिसला की मला त्याचा चेहरा दिसत नाही हो, फुप्फुसं दिसतात.

आणि तो त्यांचा हुकूम! एक्सरेच्या खोलीत दिवसातून शंभरदा जो द्यायचे तो त्यांच्या तोंडात असा बसला होता की कुठंही निघायचा. दादा-वहिनीचं भांडण ऐन रंगात आलं की मागच्या खोलीतून फौजी आवाज यायचा, "सांस रोको!" आणि दोघं खरंच थांबायची. दादाच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाचा फोटो काढायला फोटोग्राफर उभा होता, त्याचं काहीतरी अडलं होतं, तेवढ्यात मामांनी हुकूम सोडला. साठ माणसांनी श्वास रोखले. फोटोग्राफरचं अडलेलं काही सुटेना, आणि मामा 'छोडो' म्हणेनात, कारण फोटो निघाल्याशिवाय 'छोडो' म्हणायचं नाही हा नियम! वहिनी शालूत लालबुंद झाली. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. सगळी माणसं विहिरीत बुडी मारून बसल्यासारखी दिसतात.

पण अंधाराचं सांगत होते. मामांकडे दोन डबे होते, बिस्किटांचे. एकात हिरवट-जांभळे खडे. फौजेतल्या एका दोस्तानं गुजरातेतल्या कुठल्या खाणीतून आणून दिलेले. मी सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स घेतलंय हे कळल्यावर एका रविवारी दुपारी मामा आमच्या स्वयंपाकघरात आले, खिडकीला गोधडी लावली, दाराच्या फटीत पोतं कोंबलं, स्टोभोवती पत्रा उभा केला, आणि पाच मिनिटं आम्हाला नुसतं अंधारात बसवून ठेवलं. "डोळं मुरू द्या," म्हणाले, जणू लोणचं घातलंय. मग स्टोवर तापलेल्या तव्यावर त्यांनी एक खडा टाकला. आईशप्पथ सांगते, तो खडा पेटला! पेटला म्हणजे जाळ नाही, धूर नाही. आतून निळा उजेड आला, मग हिरवट, तवा सगळा दिसायला लागला, वहिनीच्या बांगड्या दिसायला लागल्या, आणि खडा फुटाण्यासारखा तडतडला. मग हळूहळू विझला. मी ओरडले, "परत! परत करा!" मामांनी गोधडी काढली. "परत न्हाई. एकदाच. जमिनीत लाखो वर्सं ह्या खड्याला बारीक बारीक किरणं लागल्यात. जाताना परत्येक किरण आपलं कायतरी आत ठिवून गेलाय. तापवलं की ते सगळं उजेड हुऊन बाहेर पडतं. पडलं की संपलं." आणि तो विझलेला खडा त्यांनी दुसऱ्या डब्यात टाकला. मी विचारलं, हा कुठला डबा? म्हणाले, "हे पेन्शनीत गेल्यालं."

पहिल्या डब्यात ते 'सर्विसमधले'. त्यात एक मोठा होता, चिक्कूएवढा. तो तापवा म्हणून मी किती मागं लागले! दर रविवारी! "ह्यो रिझर्वातला. मोठ्या कामाला," एवढंच म्हणायचे आणि झाकण लावायचे. तेव्हा त्यांची बोटं दिसायची. उजव्या हाताची नखं पिवळी, चिरलेली, बोटांची कातडी वाळलेल्या पानासारखी. मी बघतेय असं कळलं की हात खिशात. "जुनी मशीनं," एकदाच बोलले होते.

आता बिल्ला. दवाखान्यात एक्सरेवाल्यांना शर्टाला एक बिल्ला लावायला लागतो. तीन महिने लावायचा आणि मुंबईला पाठवायचा, तिथं तो बघून सांगतात की या माणसाच्या अंगाला किती किरणं लागली. आधी त्यात फिल्म असायची. आणीबाणी उठली त्याच्या थोडं मागंपुढं नवीन प्रकार आला. प्लास्टिकच्या डबीत एक पत्र्याची पट्टी आणि तिच्यात कोटाच्या बटणाएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या. मामा त्या दिवशी घरी नाचत आले हो! पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेला माणूस! "पोरी, आपला खडा! सरकारनं आपला खडा बिल्ल्यात घातलाय!" कारण चकतीचंही तेच. किरणं लागतात, आत काहीतरी साठतं, मुंबईला मशीनमध्ये तापवतात, उजेड मोजतात. जेवढी किरणं तेवढा उजेड. त्या दिवसापासून तो बिल्ला म्हणजे मामांचा जीव. आतल्या पट्टीला बोट लावायचं नाही. उन्हात ठेवायचा नाही. स्टोपासून दहा हात लांब. हाताखालचा माणूस एकदा बिल्ला घरी विसरला तर मामांनी त्याला भर पेशंटांत विचारलं, "धोतर इसरला हुतास का कवा?" आणि सगळ्यात मोठा नियम, बिल्ला ज्याचा त्यानंच लावायचा. भावाचा नाही, दोस्ताचा नाही.

तर असा हा माणूस, आणि मी काय केलं ते ऐका. लिहितानाही कानशिलं तापतात.

दवाखान्यात नावनोंदणीला शकूताई बसायच्या. जतकडच्या, नवरा फौजेत, हसऱ्या, आणि पोटात पहिलं बाळ. त्यांची खुर्ची एका भिंतीला टेकून, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे एक्सरेची खोली. छातीचा फोटो काढायचा स्टँड नेमका त्याच भिंतीशी. म्हणजे मशीनचं तोंड सरळ शकूताईंच्या पाठीकडं, मधे फक्त भिंत. भिंतीला किरणं अडवणारा खास जड गिलावा होता म्हणा. पण मामांचं म्हणणं, भूकंपात तो गिलावा एका जागी ढासळला होता आणि गवंड्यानं तिथं साधी वाळू-सिमेंट थापली. डॉक्टर म्हणायचे, "मामा, भिंत उत्तम आहे. तुम्ही उगाच त्या बाईला घाबरवू नका." मामा रोज म्हणायचे, खुर्ची हलवा. डॉक्टर म्हणायचे, हलवून ठेवू कुठं, पेशंट उन्हात उभे करू का? शेवटी डॉक्टर वैतागले. "पुरावा आणा! मुंबईचा आकडा आणा, दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावतो. शब्द देतो."

झालं. मामांनी एक बिल्ला शकूताईंच्या खुर्चीमागं खिळ्याला टांगला. तीन महिने तो तिथं राहिला. मग एका शनिवारी त्यांनी पाकिटात घालून, वर पत्ता लिहून तो माझ्या हातात दिला. "सोमवारी सांगलीला जातीस न्हवं? मोठ्या पोस्टातनं रजिस्टर कर. पोरी, ह्यात शकूचं बाळ हाय, असं समज."

मी समजले हो! पूर्ण समजले! पण त्याच आठवड्यात कॉलेजात आमच्या सरांनी त्या चकत्यांबद्दल सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात एकच. खडा एवढा उजळतो, तर खास उजळायलाच बनवलेली चकती केवढी उजळेल! आणि भिंत खरंच गळत असेल तर मला आजच दिसेल, मुंबईची वाट बघायला नको! एकदा तापवलं की संपतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. दुसरा डबा मी रोज बघत होते. पण मी हिशेब केला की तीन चकत्या आहेत, थोडंसंच तापवलं तर थोडंसंच जाईल. फिजिक्स शिकणाऱ्या मुलीचा हिशेब! रविवारी दुपारी मामा झोपलेले. मी गोधडी लावली, पोतं कोंबलं, पत्रा उभा केला, डोळे मुरवले, आणि पट्टी बाहेर काढून तव्यावर ठेवली.

काही नाही.

काळाकुट्ट अंधार. मी स्टोला पंप मारला. तरी काही नाही. मी तव्यावर नाक टेकायचं बाकी ठेवलं. एवढ्यात दार ढकलून वहिनी आत आली. "वन्सं! माझ्या तव्यावर काय भाजताय?" पोतं सरकलं, उजेड आला, आणि मी बघितलं तर तिन्ही चकत्या कडेनं वाकून पापडासारख्या झालेल्या. वहिनीनं चिमट्यानं पट्टी उचलली, उलटसुलट बघितली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "हा मामांचा बिल्ला?" मी नुसती मान हलवली. बाहेर मामा उठले होते, खाकरले. वहिनी हळूच म्हणाली, "आता सांस रोको."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, रडत रडत. मला वाटलं होतं आता आभाळ कोसळणार. मामा पट्टी हातात घेऊन पायरीवर बसले. पापड झालेली एकेक चकती उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "दिसलं का काय?"

"नाही."

"कसं दिसंल? खड्यानं लाखो वर्सं घेतलं म्हणून तुला दिसतंय. चकतीनं तीन म्हयनं. तिचा उजेड तुझ्या-माझ्या डोळ्यास्नी न्हाई दिसत, त्येला मुंबईचं मशीन लागतं." आणि मग, "तापवायच्या आधी मला उठवायचं न्हाईस व्हय? मीच सांगितलं असतं."

"मामा, दुसरा बिल्ला टांगू या. परत पाठवू."

"तीन म्हयनं टांगायचा, म्हयना मुंबईला. शकूला आता सातवा हाय." ते एवढंच म्हणाले. मी बोटांवर महिने मोजले. म्हणजे बाळ आधी येणार आणि आकडा नंतर! मग मला भलतंच सुचलं. मी विचारलं, "पण मामा, दवाखान्यात जादा बिल्ला कुठं होता? हा कुणाचा होता?"

मामांनी हात खिशात घातला.

"मामा, हा तुमचा होता? तीन महिने तुम्ही बिल्ल्याशिवाय काम केलं? तुम्ही?"

"आता वरडू नगंस. फौजेत कवा बिल्ला हुता आमाला? ह्या हाडांनी तवाच लय खाल्लंय. त्येचा आकडा कुटं न्हाई." मग माझं तोंड बघून हसले. "मला जाळाल तवा दिवं मालवून बघा. सगळ्या रहिमतपुरात उजेड पडंल." वहिनी रागानं आत निघून गेली. मी हसायचा प्रयत्न केला, पण मला हसू आलं नाही.

पाचएक मिनिटांनी मामा उठले. "पाना घे दादाचा. चल."

कुठं, काय, काही नाही. रविवारचा दवाखाना रिकामा. मामांनी एक्सरेची खोली उघडली आणि छातीच्या फोटोचा स्टँड भिंतीवरनं खोलायला घेतला. चार बोल्ट, गंजलेले. एक माझ्या हातून निघाला, त्याचा मला अजून अभिमान आहे. मग मशीन फिरवून बघितलं. ते आणखी एकाच भिंतीकडं तोंड करू शकत होतं. मामांनी तिकडं भोकं पाडून स्टँड बसवला, हात झटकले, म्हणाले, "बेस." मी विचारलं, मामा, या भिंतीपलीकडं काय आहे?

"डाक्टरांची खुर्ची."



सोमवारी मी कॉलेज बुडवलं. बुडवणारच! डॉक्टर आले, खोलीत डोकावले आणि दारातच थांबले. बाहेर फोटोसाठी आठ-दहा माणसं रांगेत. मामा कडक इस्त्रीत, अटेन्शन.

"मामा, हा स्टँड इकडं कसा?"

"तिकडच्या बोल्टांला गंज चढला हुता सायेब."

"अहो, पण या भिंतीमागं मी बसतो!"

"व्हय सायेब. ह्या भिंतीला बी तोच गिलावा हाय. त्याच साली, त्याच गवंड्यानं लावल्याला, आन भूकंपानंतर त्यानंच डागडुजी केल्याली. उत्तम हाय, तुमीच म्हणता."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "फोटू निघनार हाय न्हवं?" शकूताई आपल्या खुर्चीवरनं मान वळवून बघत होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि तो मुंबईचा आकडा?"

मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बिल्ला माझ्या हातनं खराब झाला सायेब. चूक माझी." जो माणूस धोतर आणि बिल्ला एका तराजूत तोलायचा, तो भर रांगेसमोर असं म्हणाला. मला ओरडून सांगायचं होतं, माझी आहे, माझी आहे. तोंड उघडलंच नाही. डॉक्टर थोडा वेळ त्या भिंतीकडं बघत राहिले, मग पेशंटांना म्हणाले, "आज छातीचे फोटो बंद. तुम्ही मंडळी परवा या." आणि शिपायाला म्हणाले, "शकूबाईंचं टेबल उचल. व्हरांड्यात. वर ताडपत्री बांध."

गवंडी आला, दोन्ही भिंती ठोकून बघितल्या. डॉक्टरांच्या भिंतीचा गिलावा चांगला निघाला. शकूताईंच्या भिंतीत, बरोब्बर खुर्चीच्या पाठीएवढ्या उंचीवर, परातीएवढा तुकडा नुसत्या वाळूचा. टिकाव लागला तसा भुरूभुरू खाली आला. डॉक्टर त्या वाळूकडं बघत उभे होते. मग मामांना म्हणाले, "मला कळायला हवं होतं." मामांनी सॅल्यूट ठोकला. आतापर्यंत जे काय लागलं असेल ते किती, हे मात्र कोणालाच सांगता येणार नव्हतं. ते मी तव्यावर घालवलं होतं. पुढचे दोन महिने शकूताई व्हरांड्यातनं हात हलवायच्या आणि मी त्यांच्या पोटाकडं बघून घरी यायचे, जेवण जायचं नाही.

मुलगी झाली. तीन किलोच्या वर, आणि रडली तर म्हणे पार स्टेशनपर्यंत ऐकू जाईल अशी. बारशाला वहिनी आणि मी गेलो. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या, आणि एवढ्यात दारात मामा. एका हातात स्टो, एका हातात तवा, खांद्यावर गोधडी, काखेत पत्रा! बायकांच्या बारशात! शकूताईंची आई भडकली. "आवं, बाळाच्या बारशाला आंधार कुनी करतं व्हय? अपशकुन हाय त्यो!"

"करू दे गं आई," शकूताई म्हणाल्या. "त्यांनी केल्याला आंधार चालतो."

खिडक्यांना गोधडी लागली. दाराला कुणाचं तरी लुगडं. डोळे मुरले. बायका कुजबुजत होत्या, स्टो फुरफुरत होता, आणि मामांनी खिशातून तो चिक्कूएवढा, रिझर्वातला खडा काढला. मला आधी खरंच वाटेना. मग तो तव्यावर पडला आणि खोलीभर निळा उजेड पसरला. पाळण्याची दोरी दिसायला लागली, झबलं दिसलं, बायकांची उघडी राहिलेली तोंडं दिसली, शकूताईंच्या गालावरचं पाणी दिसलं. आणि पाळण्यात बघितलं तर जिच्यासाठी हे सगळं, ती गाढ झोपलेली. मी म्हटलं, मामा, उठवू का? पटकन उठवते, जाईल हो उजेड!

"झोपू दे," मामा म्हणाले. "काय न्हाई झालं तिला. झोपू दे."

खडा विझला. कोणीतरी लुगडं बाजूला केलं.

त्या उन्हाळ्यात मामांनी काम सोडलं. गावी निघाले तेव्हा मी स्टेशनवर गेले होते, आणि हातात तोच मोठा खडा, बारशानंतर माझ्याकडंच राहिलेला. मला भारी कल्पना सुचली होती! सरांना विचारून आले होते. विझलेला खडा एक्सरेच्या मशीनखाली ठेवला, बराच वेळ किरणं दिली, तर त्याच्यात पुन्हा थोडंसं भरतं! पुन्हा उजळतो! मी एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टर हो म्हणालेत, मामा, तुम्ही नुसतं सांगा, मी करते, परत सर्विसला लावते त्याला!

मामांनी खडा माझ्या हातातून घेतला. ती वाळक्या पानासारखी बोटं त्याच्याभोवती मिटली. या वेळी हात खिशात गेला नाही.

"नगं पोरी," म्हणाले. "त्येनं लय घेतलंय. आता ऱ्हाऊ दे त्येला."

गाडी हलली. मामा खिडकीत, मिशीत हसणारे, एक हात वर. मी 'सांस रोको' म्हणून ओरडले, सगळा फलाट वळून बघायला लागला. गाडी सिग्नलपलीकडं गेली तरी त्यांनी 'छोडो' म्हटल्याचं मला काही ऐकू आलं नाही.